डावीकडचे आकडे

वडखळच्या नाक्यावरची गाड्यांची घुसमट मागं टाकून खाडीच्या अंगाला उतरलं, की रस्ता आधी डांबरी असतो, मग खडीचा होतो, मग नुसता बांध उरतो. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला खारीची शेतं, आणि बांध जिथं वळून तिवरांच्या झाडीत शिरतो तिथं मांडवखार. गाव म्हणायला अजून गाव आहे. देऊळ आहे, शाळेची इमारत आहे, विहीर आहे. माणसं मात्र एकेक करून निघाली. मिठागरं बंद पडली तेव्हा काही पेणला गणपतींच्या कारखान्यांत लागली, काही कंपन्यांच्या गेटवर उभी राहिली, आणि पोरांनी जिथं शिफ्ट मिळाली तिथंच खोल्या केल्या. आता सणावाराला कुलपं निघतात, दोन दिवस चुलींचा धूर दिसतो, परत कुलपं लागतात.

पोपट म्हात्रेचं घर सगळ्यात शेवटचं, उघाडीजवळचं. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं दार. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानं त्या दाराची फळी आपोआप मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी फळीला ढकलून बाहेर पडतं. पोपटच्या बापानं ही उघाडी राखली, पोपटनंही राखली. आता शेतंच पडीक, तर राखायचं काय, असं लोक विचारत. पोपट उत्तर देत नसे. त्याला उत्तर सुचत नसे असं नाही. विचारणारा उत्तर ऐकायला थांबायचा नाही, हे त्याला कळलं होतं.

त्याचा दिवस भरतीवर चालायचा. अमावस्या-पुनवेला भर दुपारी उधाण यायचं, तेव्हा तो उन्हात डोक्यावर पंचा टाकून बांधावर उभा. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी मरगळलेलं असायचं, सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीला चढायचं, तेव्हा तो त्या वेळी उभा. भरती रोज थोडी पुढं सरकायची तसं त्याचं जेवणही पुढं सरकायचं. एकट्या माणसाला जेवायची वेळ कोण विचारतो!

उघाडीच्या तोंडाशी एक लोखंडी खांब रोवलेला होता. त्या खांबाला पांढरी पट्टी, पट्टीवर काळ्या रेघा आणि आकडे. पाणी सगळ्यात वर कुठल्या रेघेला टेकलं ते पाहायचं, आणि घरी येऊन फोनमधल्या तक्त्यात त्या दिवसाच्या चौकटीत तो आकडा टाकायचा. पोपटचं काम एवढंच. पण एवढ्या कामासाठी तो मांडवखारात राहिला होता, आणि हे त्यानं मुलाला तोंडावर सांगितलं होतं.

ही पट्टी मुळात सरूची. सरू म्हणजे त्याची बायको.

रोह्याला एक संस्था आहे. खाडीचं पाणी वर्षागणिक किती वर चढतंय याच्या नोंदी ती गावागावांतून गोळा करते. तिथून ऋतुजा नावाची मुलगी आली होती, बरोबर नितेश, खांब रोवणारा. गावात कोण नोंद ठेवेल, असं तिनं देवळात विचारलं तेव्हा पुरुष एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. मागून सरू म्हणाली, "मी ठेवीन. पानी काय, माझ्या दारातंच येतंय."

तिला फोन शिकवला सुजयनं, त्यांच्या मुलानं. सुजय रोह्याच्या कंपनीत, राहायला रोह्याला लागूनच्या वरसं गावात. एका रविवारी ओट्यावर बसून त्यानं आईला तक्ता उघडून दाखवला. इथं तारीख, इथं पाणी. आकडा टाकताना खालची ही पृथ्वीच्या गोळ्याची खूण दाबायची, म्हणजे इंग्रजी आकडे येतात, ते टाकायचे. सरू सातवीपर्यंत शिकलेली. ती एका दुपारीत शिकली.

पोपट तेव्हा तिची टर उडवायचा. "पानी काय तुझी पट्टी बघून चढतंय?"

"तुमाला बघून तरी कुटं चढतंय? इतकी वरसं बांधावर हुबं राहिलाव, एक दिवस तरी खाडीनं विचारलं, पोपट जेवलास काय?"

"आनि तुना विचारते?"

"मना रोह्याहून फोन येतो," सरू तोऱ्यात म्हणायची. आणि यायचाही. दर शनिवारी ऋतुजा फोन करायची. काकी, या हप्त्यात पाणी जरा जास्तच आहे का, काकी, काल उधाण होतं ना, काकी, तब्येत कशी आहे. सरू पदरानं हात पुसून फोन घ्यायची आणि पाण्यापासून सुरू करून वालाच्या बिरड्यापर्यंत पोचायची.

मग गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर तिला ताप आला आणि तो तिच्या छातीत बसला. मंगळवारी ती पट्टी बघून आली होती. शुक्रवारी ती नव्हती.

दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. सुजय होता, सून वैशाली होती, सरूच्या माहेरची माणसं होती. या दिवसांत खाडीकडं कोणी फिरकलं नाही. भरती आली नि गेली. मग माणसं उठली, चपलांचा ढीग ओट्यावरून कमी होत होत पोपटच्या एका जोडावर आला, आणि संध्याकाळी घरात घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. इतकी वर्षं ते घड्याळ आवाज करतं हे त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो भरतीला बांधावर गेला. पट्टी वाचली. घरी येऊन सरूचा फोन काढला.

तक्ता त्याला सापडला, कारण सरूच्या मागं उभं राहून टर उडवताना ती तो कुठून उघडते ते त्यानं पाहिलं होतं. सरूचा शेवटचा आकडा सापडला. त्याखाली रिकाम्या चौकटी. त्या तशाच सोडून तो आजच्या तारखेला आला आणि अक्षरांची पाटी उघडली. अ, आ, क, ख. वरच्या ओळीत १, २, ३. ते आकडे पाहून त्याला बरं वाटलं. चौथीपर्यंत पाटीवर हेच गिरवले होते. इंग्रजी आकडे त्याला वाचता यायचे. गाड्यांच्या नंबरावर, मिठाच्या गोणींवर, त्या पट्टीवर सुद्धा तेच. पण लिहायचं म्हटलं की त्याचा हात मराठीकडंच वळायचा. खालच्या गोळ्याची खूण काय असते, हे त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं १३८ लिहिलं आणि ते चौकटीत जाऊन बसलं. कोणाला न विचारता जमलं याचा त्याला अभिमान वाटला. सुजयला त्यानं मुद्दाम सांगितलं नाही. बापाला येत नाही असं मुलानं समजावं आणि बापाला यावं, यात एक मजा असते.

थोड्या दिवसांनी त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. सरूचे आकडे चौकटीच्या उजव्या कडेला टेकलेले होते. त्याचे डाव्या कडेला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं वर जाऊन पाहिलं, खाली येऊन पाहिलं. सरूचा एकही आकडा डावीकडं नव्हता, त्याचा एकही उजवीकडं नव्हता. त्यानं दुसऱ्या दिवशी मुद्दाम हळू, एकेक आकडा दाबून पाहिला. गेला डावीकडंच.

यंत्राला हात ओळखता येतो, असं पोपटनं ठरवलं. बायको वेगळी, नवरा वेगळा. लग्नाच्या मांडवात नाही का, बायका एका अंगाला बसतात नि पुरुष एका अंगाला, तसं. आणि मग त्याला दुसरं आठवलं आणि त्यानं फोन मांडीवर ठेवला. घरात खाली अंथरूण घातलं की सरू उजवीकडं, भिंतीच्या बाजूला झोपायची. तो डावीकडं, दाराच्या बाजूला. लग्न झालं तेव्हापासून तसंच.

तेव्हापासून आकडा टाकून झाला की तो लगेच फोन बंद करत नसे. बोटानं तक्ता वर सरकवायचा. आपले डावीकडचे आकडे भराभर वर जायचे, मग त्या रिकाम्या चौकटी यायच्या, आणि मग उजवीकडं सरू सुरू व्हायची. तिथं तो थांबायचा. कधी चहा व्हायचा तिथं बसूनच. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगायला कोणी नव्हतंही.

शनिवारचा फोन बंद झाला होता. पोपटला वाटायचं, आपलं काम नीट चाललंय, तर ती पोरगी कशाला विचारील?

तर अशा चैत्राच्या एका सकाळी नितेश मोटारसायकलवरून बांधावर आला. मागं पिशवीत पाने, हातोडी. पोपट ओट्यावर जाळं विणत होता. त्याला आनंद झाला.

"ये रे. चाय ठेवतो."

"नको काका. पट्टी काढून नेतोय. अर्ध्या तासाचं काम."

पोपटच्या हातातली सुई थांबली. "काढून? गंजली काय?"

"गंजली नाय. नोंदी बंद हायत ना. काकी गेल्यापासून." नितेशनं आवाज खाली आणला. "पलीकडच्या गावात एक मास्तर तयार झालाय, तिकडं लावायची म्हणतात."

"कोन बोलला बंद हाय?"

"रोह्याला तक्त्यात दिसतं."

"मी रोज टाकतंय. रोज. उधाण असो नायतर भांग. मना ताप होता तवा पन गेलो."

नितेशनं आपला फोन काढून त्याच्यापुढं धरला. त्यात आलेख होता. एक निळी रेघ, दर पंधरवड्याला चढणारी, उतरणारी, परत चढणारी. बघताना वाटावं, खाडीच श्वास घेतेय. ती दिवाळीनंतरच्या एका दिवसापर्यंत आली होती आणि तिथं संपली होती. पुढं नुसतं पांढरं.

"ही काकी," नितेश म्हणाला. "आणि पुढं काय नाय."

पोपट त्या पांढऱ्याकडं बघत राहिला. त्यानं आपला फोन आणला, तक्ता उघडला, आपले आकडे दाखवले. नितेशनं डोकं खाजवलं. "हायत की. मग रेघ का नाय? काका, मला यातलं कळत नाय. मी खांबवाला. मला सांगितलं काढ, मी आलो."

"तर मग काढू नको."

"साहेब विचारतील."

पोपट उठला आणि चालत उघाडीकडं गेला. नितेश मागोमाग. तिथं जाऊन म्हातारा खांबापाशी बांधावर मांडी घालून बसला. भांडला नाही, ओरडला नाही. नुसता बसला. नितेशनं थोडा वेळ खाडीकडं पाहिलं, तिवरांतल्या बगळ्यांकडं पाहिलं, मग पिशवीचं तोंड बांधलं.

"पाना बसला नाय म्हणून सांगतो. घरी दुसरा हाय, तो आणायला लागंल. पन सोमवारी मला परत पाठवतील काका. त्याच्या आत रोह्याला जा आणि ऋतुजाताईला भेटा. ती ऐकते."

त्याच संध्याकाळी सुजयचा फोन आला. नितेश त्याच्या ओळखीचा, बातमी पोचली होती.

"बाबा, पट्टी काढताहेत म्हनं."

"बघू."

"बघू काय? तूच बोलला होतास, पट्टी हाय तवर मी हितं. आता पट्टी जातेय. वैशालीनं मागची खोली रिकामी करून ठेवलीय. तिकडं एकटा काय करतोस रं तू? पडलास झडलास तर कोनाला कळनार?"

"मी रोज टाकतंय आकडा."

"तो कोन बघतंय, बाबा?"

सुजय वाईट मनानं बोलला नव्हता. दिवसभर गरम भट्टीपाशी उभा राहून आलेला मुलगा तो, बापाच्या काळजीनं बोलला. पण फोन ठेवल्यावर ते बोलणं घरातच राहिलं. पोपट कंदिलासारखं ते इकडून तिकडं घेऊन फिरला, चुलीपाशी, ओट्यावर. कोण बघतंय? त्यानं तक्ता उघडला आणि पहिल्यांदाच सरूपर्यंत वर न जाता तसाच मिटला.

शनिवारी तो वडखळला आला आणि रोह्याची एसटी धरली. नागोठण्याला गाडी बराच वेळ थांबली. तिथून खिंड चढताना त्यानं खिडकीतून मागं पाहिलं. इतक्या लांबून खाडी म्हणजे एक पुसट चकाकी होती. आज दुपारी भरती. आज बांधावर कोणी नसणार. सरू गेल्यानंतरचे दिवस सोडले तर असं पहिल्यांदाच होत होतं.

संस्थेची कचेरी एका दुकानावरच्या माडीवर होती. ऋतुजानं त्याला पाहिलं आणि खुर्चीतून उठली. "काका, तुम्ही? एवढ्या उन्हात?" तिनं पाणी दिलं. मग स्वतःच म्हणाली, "मीच यायला हवं होतं. काकी गेल्यानंतर फोन करायला धजले नाही. नोंद नाही म्हणजे तुमचं मन त्यात नसणार, आपण कशाला टोचायचं, असं वाटलं."

"टोचायचं होतंस, बाय," पोपट म्हणाला.

त्यानं फोन पुढं केला. ऋतुजानं आपल्या मोठ्या पडद्यावर मांडवखारचा तक्ता उघडला आणि खाली खाली जात राहिली. तिचा चेहरा बदलत गेला. "हे सगळं तुम्ही भरलंय?"

"मग कोन? खाडी स्वतः?"

"मी आलेखच बघत होते. तक्ता उघडलाच नाही कधी." मग तिनं एका आकड्यावर टिचकी मारली आणि मान हलवली. "काका, हे आकडे यंत्राच्या लेखी आकडे नाहीत. अक्षरं आहेत."

"म्हंजे?"

"तुम्ही मराठीत १४२ लिहिलंत. तुम्हाला मला तो आकडा दिसतो. या तक्त्याला फक्त इंग्रजी आकडे आकडा म्हणून कळतात. बाकी जे काही लिहाल ते तो नुसतं नाव म्हणून ठेवतो. जसं इथं कोणी 'पोपट' लिहिलं असतं, किंवा 'सरू'. ठेवतो जपून, पुसत नाही, पण बेरजेत धरत नाही आणि रेघेतही घेत नाही. आकडा असेल तर तो आपणहून उजवीकडं जातो. अक्षर असेल तर डावीकडं. हे बघा, काकींचे उजवीकडं. तुमचे डावीकडं. खरं तर त्यावरूनच ओळखता येतं."

ऋतुजानं एका रिकाम्या चौकटीत त्याच्या सगळ्या आकड्यांची बेरीज मागितली. शून्य आलं.

त्या शून्याकडं पोपट बघत राहिला. आषाढातलं उधाण त्यात होतं, तापात काठी टेकत गेला तो दिवस त्यात होता. त्याला शून्याचं एवढं वाटलं नाही. त्याला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. यंत्रानं हात ओळखला नव्हता. बायको नि नवरा असं काही यंत्राच्या मनात नव्हतं. एवढे दिवस पोपट ज्या अंथरुणाशी बसून चहा प्यायला ते त्यानं स्वतःच अंथरलं होतं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. दुरुस्त होतं हे," ऋतुजा म्हणाली. "एकेक आकडा बदलून घ्यायचा, मराठी एकच्या जागी इंग्रजी एक, दोनच्या जागी दोन. सगळे एकदम बदलतात. मग तुमची रेघ येईल, आणि पट्टी काढायचं कारणच उरणार नाही. करू?"

"ते मग तिकडं जानार? उजवीकडं?"

"हो. सगळे."

"आनि तिचे कंचे, माझे कंचे, ते कसं कळंल?"

ऋतुजाला आधी वाटलं, म्हाताऱ्याला श्रेय हवंय. तिनं सांगायला तोंड उघडलं, की तारखा आहेतच. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं. खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षा मागं घेत होतं, तिची पिपाणी वाजत होती.

"तुम्हाला हवं तर काकींच्या चौकटींना रंग देते," ती हळूच म्हणाली. "फिका पिवळा. म्हणजे वेगळे दिसतील."

पोपटनं विचार केला. घाईनं नाही. त्याच्या डोळ्यापुढं पावसाळ्यातली एक जुनी गोष्ट होती. दाराच्या बाजूला छप्पर गळायचं. तो भिजला की सरू झोपेतच भिंतीकडं सरकायची आणि हातानं जागा थोपटायची, इकडं या. सकाळी तिला विचारलं तर तिला आठवायचं नाही.

"नको रंग," तो म्हणाला. "जाऊ दे तिकडं. ती सरकंल."

ऋतुजानं पहिला आकडा बदलला. पडद्यावर १ च्या जागी 1 झाला. काही हललं नाही. दुसरा बदलला, तशी एक चौकट हलली. जिच्यात एक आणि दोनशिवाय काही नव्हतं ती. आकडा डावी कड सोडून उजवीकडं जाऊन टेकला. तिसऱ्याला आणखी थोडे गेले. चौथ्याला बरेच. ओहोटीला निवट्या, चिखलातल्या त्या मासोळ्या, कशा टुणकन पलीकडं जातात, आधी एखादी, मग चार, मग सगळा चिखल हलतो, तसं ते चाललं होतं. पोपट खुर्चीच्या कडेला येऊन बघत होता. शेवटी एकाच जातीचे उरले, ज्यांच्यात शून्य होतं. ऋतुजानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. तेही गेले.

तक्त्यात डावीकडं काही राहिलं नाही.

मग तिनं आलेख उघडला. निळी रेघ सरूपर्यंत आली, थांबली, थोडी पांढरी जागा सोडून परत सुरू झाली आणि तशीच चढत उतरत कालच्या दिवसापर्यंत येऊन पोचली. सरूच्या वेळी उधाण जिथं पोचायचं त्याच्या बोटभर वर आता पोचत होतं. हे पोपटला ठाऊकच होतं. उघाडीच्या दगडावरच्या शेवाळानं त्याला ते आधीच सांगितलं होतं. पण ते असं, सगळ्यांना दिसेल असं, कुठं लिहिलेलं नव्हतं.

"एवढी मोठी सलग नोंद आमच्याकडं दुसऱ्या कुठल्या गावाची नाही," ऋतुजा म्हणाली. "फक्त ही मधली फट. ती भरता येते. आजूबाजूच्या आकड्यांवरून सरासरी काढून टाकतात. रेघ जोडली जाईल."

"नको."

"आलेख चांगला दिसेल, काका."

"त्या दिवसांत खाडीवर कोन गेलंच नाय. जे कोनी बघितलं नाय ते कसं लिवायचं?" तो थांबला. "ती जागा तशीच राहू दे, बाय."

तिनं ती तशीच राहू दिली. मग तिनं नितेशला फोन लावून सांगितलं की मांडवखारची पट्टी हलवायची नाही. पलीकडून नितेश काय म्हणाला कोण जाणे, ती हसली. "पाना म्हणे अजून सापडलाच नाही त्याला."

वरसं तिथून जवळ. पोपट सुनेकडं जेवला. वैशालीनं जिताड्याचं कालवण केलं होतं, ते चांगलं झालं होतं आणि त्यानं तसं सांगितलं. मागची खोली तिनं दाखवली. खाट होती, खिडकी होती, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसत होती. पोपटनं खिडकीची दांडी लावून काढून पाहिली आणि चांगली आहे म्हणाला.

सुजय पहिली शिफ्ट संपवून थेट एसटी स्टँडवर आला. अंगावर कंपनीचाच शर्ट. दोघं बाकावर बसले.

"राहिली पट्टी?"

"राहिली."

सुजयनं बुटाच्या टाचेनं खालची माती उकरली. "मग तू येनार नाय."

"पट्टी हाय ना."

"व्हय," सुजय म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "आईचा आकडा दिसतो काय अजून त्यात?"

"दिसतो."

"मना पन पाठव ते. ती रेघ."

गाडी लागली. सुजयनं बापाची पिशवी आत दिली आणि खिडकीपाशी उभा राहिला. दोघांनाही आणखी काही बोलायचं असावं. पण चालकानं इंजिन सुरू केलं होतं आणि त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागलं असतं. असलं बोलणं ओरडून होत नाही.

मांडवखारला तो पोचला तेव्हा ओहोटी लागून गेली होती. उघाडीची फळी उघडी होती आणि आतलं पाणी शांतपणे खाडीत चाललं होतं. देवळातला दिवा सोडला तर गावात उजेड नव्हता. त्यानं कुलूप काढलं. आजची चौकट रिकामी राहिली होती. ती त्यानं तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी भरतीला तो बांधावर उभा राहिला. पाणी चढलं, पट्टीवर एका रेघेशी येऊन थांबलं, तिथं थोडं डुललं. पोपट घरी आला. ओट्यावर बसून त्यानं फोन उघडला, खालची गोळ्याची खूण शोधली, दाबली, आणि ऋतुजानं दाखवल्यासारखे तीन आकडे एकेक करून टाकले. त्याला वेळ लागला. आकडा क्षणभर डावीकडं दिसला आणि मग आपणहून उजव्या कडेला जाऊन सरूच्या ओळीत उभा राहिला.

पोपटनं बोटानं तक्ता वर सरकवला. आता कुठून ती सुरू होते ते पटकन कळत नव्हतं. रिकाम्या चौकटी आल्या की त्यांच्या वरची ती. तिथं तो थांबला. डावी, दाराकडची बाजू मोकळी होती, वरपासून खालपर्यंत.

त्यानं फोन पंच्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि चहा टाकायला उठला.